भिंत माझी, पण दृष्टि कोणाची ?

एका मनुष्याची भिंत आहे. ती त्यानें आपल्या कष्टाच्या पैशानें बांधली व तिचा कर तोच भरतो. तर त्या भिंतीवर आपल्या दुकानाचें नांव किती मोठ्या अक्षरांनीं लिहावें, हें त्यास सांगण्याचा शेजाऱ्यांस काय अधिकार ? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. तथापि जुन्या व सुंदर गांवांत ह्याच प्रश्नावरून मोठे तंटे माजतात, आणि न्याय आपल्याच बाजूस आहे असें दोन्ही पक्षांस मनापासून वाटत असतें. म्हणून ह्या गोष्टीचा शांतपणें विचार करूं.

पाटी ही मुळांत वाईट वस्तु नव्हे. युरोपांत बहुतेक लोक निरक्षर होते, तेव्हां जोडे शिवणाऱ्याच्या दारावर जोडा व कुलपें करणाऱ्याच्या दारावर किल्ली टांगीत. हेतु इतकाच कीं, ज्याला जें पाहिजे तें त्याला सांपडावें. ऑस्ट्रिया देशांतील साल्झबर्ग शहरीं गेट्रायडेगास नांवाच्या अरुंद गल्लींत अशा घडीव लोखंडी पाट्या आजही टांगलेल्या आहेत, व त्या पाहण्यास लोक मुद्दाम जातात.

परंतु सोय संपून चढाओढ कोठें सुरू होते, हें ओळखणें कठीण आहे. लंडन शहरांत एकाची पाटी दोन हात पुढें आली म्हणजे दुसरा आपली तीन हात पुढें काढी. रस्त्यांतला उजेड व वारा अडूं लागला. सन १७१८ त ब्राइड लेन नांवाच्या गल्लींत एक अवजड पाटी घराच्या दर्शनी भिंतीसकट कोसळून चार माणसें मेलीं. एवढें होऊनही कोणीं आपण होऊन आपली पाटी लहान केली नाहीं. कारण जो एकटा लहान करील तोच बुडेल, अशी प्रत्येकास भीति होती. शेवटीं सन १७६२ च्या सुमारास कायदा करावा लागला, व टांगत्या पाट्या उतरवून भिंतीस सपाट बसविण्यांत आल्या.

ह्यांतील मर्म आपण बाजाराच्या दिवशीं सहज पाहूं शकतों. एका भाजीवाल्यानें आवाज चढविला, तर घटकाभर त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतें. मग शेजारचा ओरडतो, त्याच्या शेजारची बाईही ओरडते. तासाभरानें सर्वांचे घसे बसलेले असतात, आणि कोणाचाही माल पहिल्यापेक्षां अधिक खपत नाहीं. मोठ्या पाट्यांचेंही असेंच आहे. सर्वच मोठ्या झाल्या म्हणजे कोणतीच मोठी राहत नाहीं. खर्च मात्र सर्वांचा वाढतो, आणि ज्या गरिबास तो झेपत नाहीं तो मागें पडतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हरमाँट हें ईशान्येकडील एक लहान संस्थान आहे. त्याच्या नांवाचा अर्थच हिरवा डोंगर असा होतो. तेथील कित्येक जुन्या खेड्यांत मध्यें हिरवें पटांगण, भोंवतीं लांकडी घरें आणि उंच मनोऱ्याचें पांढरें उपासनामंदिर असा देखावा दिसतो. मोटारींची रहदारी वाढली तसतशा ह्या खेड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खाणावळींच्या व दुकानांच्या प्रचंड पाट्या उभ्या राहिल्या. लोक दूरून जें पाहण्यास येत, तेंच पाट्यांच्या आड जाऊं लागलें. तेव्हां सन १९६८ त तेथील कायदेमंडळानें असा कायदा केला कीं, जेथें धंदा चालतो त्या जागेखेरीज इतरत्र कोणीं जाहिरातीची पाटी लावूं नये.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. आडरस्त्यावर खाणावळ चालविणारा म्हणेल, "जुन्या दुकानदारास सारें गांव ओळखतें, त्यास पाटी कशाला? मी कालचा मनुष्य. माझी पाटी काढली तर वाटसरूला माझें दार सांपडणार कसें ? तुमच्या डोळ्यांच्या सुखासाठीं माझ्या मुलांनीं उपाशी राहावें काय ?" हा प्रश्न खरा आहे. जो गांव त्याचें उत्तर न देतां केवळ सौंदर्याच्या गोष्टी सांगतो, तो अन्याय करितो.

व्हरमाँटनें त्याचें उत्तर दिलें. रस्त्यांच्या वळणांवर लहान व ठराविक मापाच्या दिशादर्शक पाट्या सरकारी देखरेखीखालीं लावण्याची सोय केली. मोठ्या हॉटेलाची पाटी व लहान खाणावळीची पाटी शेजारीं शेजारीं, एकाच नियमाखालीं. वाटसरूस वाट कळते आणि डोंगरही दिसतो. तेथील पुष्कळ लोकांचें पोट प्रवाशांवर चालतें, तरीही हा कायदा आजपर्यंत टिकला आहे. हवाई, मेन व अलास्का ह्या संस्थानांतही रस्त्यांवरील अशा पाट्यांस बंदी आहे.

तर मग पहिल्या प्रश्नाचें उत्तर काय ? भिंत धन्याचीच आहे, ह्यांत संशय नाहीं. परंतु पाटी भिंतीसाठीं लिहिली जात नाहीं. ती वाटेनें जाणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं लिहिली जाते, आणि ते डोळे व ती वाट कांहीं दुकानदाराच्या मालकीचीं नव्हेत. म्हणून पाटी किती मोठी असावी, ह्यांत गांवास बोलण्याचा हक्क आहे. मात्र त्या हक्काबरोबर कर्तव्येंही येतात. नियम धनवानास व गरिबास, कचेरीस व उपासनामंदिरास सारखाच लागू व्हावा. ज्याची मोठी पाटी उतरविली, त्याचें दार लोकांस सांपडेल अशी तजवीज गांवानेंच करावी. आणि नियम आधीं समजावून सांगावा, मग अंमलांत आणावा.

प्रिय वाचकहो, अशा तंट्यांत पडणाऱ्या प्रत्येकानें प्रथम आपलेंच मन तपासावें. दुकानदारानें स्वतःस विचारावें, "माझी पाटी वाट दाखविण्यासाठीं आहे कीं शेजाऱ्यास झांकण्यासाठीं ?" तक्रार करणाऱ्यानें विचारावें, "मला गांवाच्या शोभेची कळकळ आहे कीं शेजाऱ्याच्या बरकतीचा हेवा ?" हीं दोन उत्तरें प्रामाणिकपणें मिळालीं, म्हणजे पाटीचें माप ठरविण्याचें काम फारसें अवघड उरत नाहीं.