जिनिव्हा ते राईनपाडा

1 जुलै 2018 रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना गर्दीनं पोरं पळवणारी टोळी समजून धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारलं गेलं. राज्यसंस्थेचा गावातला सगळ्यात जवळचा दरवाजा तोच होता.

त्या दिवसांत मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. लहान मुलांचे मृतदेह ओळीनं ठेवलेले आणि सोबत टोळीची आवई. ती मुलं खानदेशातली नव्हती. 21 ऑगस्ट 2013 रोजी सीरियात, दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूनं मारली गेलेली ती मुलं होती. आमच्यावर काय गुदरलं हे जगाला दिसावं, म्हणून तिथल्या लोकांनी ती दृश्यं टिपली होती. संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकानं सारीन वायू वापरल्याचं सांगितलं. सीरियाला आपला जाहीर केलेला रासायनिक साठा देशाबाहेर द्यावा लागला. पण सीरियातल्या अत्याचारांचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्याचा ठराव मे 2014मध्ये सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा रशिया आणि चीननं नकाराधिकार वापरला. शस्त्रं हलली, गुन्हेगार तसेच राहिले. न्यायालयासमोर जायला हवा होता तो पुरावा स्थळ-काळ पुसला जाऊन आपल्या तालुक्यात पोचला आणि त्यानं आणखी पाच जीव घेतले.

मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था कुठं लंगडी पडते, ते इथं दिसतं. करार होतात, समित्या नेमल्या जातात, अहवाल मागवले जातात, पण अंमल करायचा तो ज्या त्या राज्यानंच. राज्याला नको असेल तर बाहेरून जोर लावायला फारसं काही हाती नसतं. वंशभेदविरोधी करार भारतानं 1968मध्ये मान्य केला. 2007मध्ये त्या कराराच्या जिनिव्हातल्या समितीनं भारताला स्पष्ट सांगितलं की सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करा, विमुक्त-भटक्यांचं पुनर्वसन करा. इंग्रजांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. 1952मध्ये तो कायदा गेला, पण त्याची सावली सराईत गुन्हेगारांच्या नव्या कायद्यात उरली. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आणि इदाते आयोगांनीही शिफारशींचे गठ्ठे सरकारला दिले. पाल ठोकून राहणाऱ्याकडे संशयानं पाहण्याची सवय मात्र गेली नाही. अफवेला लागते ती सुपीक जमीन हीच.

मग दबाव चाललाच नाही का? एका ठिकाणी चालला. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारनं व्हॉट्सॲपला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवण्याची मर्यादा जाहीर केली आणि जानेवारी 2019मध्ये ती जगभर लागू केली. साक्री तालुक्यातल्या मरणानं जगाच्या फोनमधली एक सोय बदलली, ही लहान गोष्ट नाही. जबाबदार कोण हे नावानिशी ठरलं आणि त्याला नुकसानीची धास्ती वाटली, म्हणून ते घडलं. कराराच्या कागदावर राज्याचं नाव असतं. कोणत्या खात्यानं, कोणत्या कचेरीनं काय करायचं, ते नसतं.

17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत हीच उणीव भरायचा प्रयत्न केला. प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, अफवांवर नजर ठेवा, खटले जलद चालवा, असे आदेश दिले. माझ्या मते आंतरराष्ट्रीय कराराचं खरं रूप असंच हवं, कारण इथं जाब कोणाला विचारायचा ते ठरलेलं आहे. पुढं 1 जुलै 2024 रोजी, राईनपाड्याच्या बरोबर सहाव्या वर्षदिनी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी तिच्यात वेगळं कलम आहे. अफवेतून झालेल्या खुनाचा मात्र त्यात नाव घेऊन उल्लेख नाही. ‘हे भटके आहेत, म्हणजे चोरच असणार’ हा संशय समाजावरचा राग मानायचा की निव्वळ गैरसमज, यावर वकील वाद घालू शकतील.

म्हणून भारत सरकार जिनिव्हाला अहवाल पाठवील तेव्हा त्यात दिल्लीतल्या कायद्यांची यादी पुरेशी धरू नये. धुळे जिल्ह्याचा नोडल अधिकारी कोण, भटक्यांचं पाल गावात पडलं की त्याची नोंद कुठं होते, आणि बाजाराच्या दिवशी गर्दी जमली तर पिंपळनेरच्या ठाण्यातून पोलीस किती वेळात पोचतात, हेही समितीनं विचारावं आणि सरकारनं लेखी सांगावं.