पाहिले, असे सांगताना

कडोदऱ्याच्या चौफुलीवर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरत-धुळे महामार्ग छेदतो. येथून पूर्वेकडे निघालेला रस्ता बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असे टप्पे घेत खानदेशात पोहोचतो; सुरतेच्या कापडधंद्यात राबणाऱ्या अनेक खानदेशी कुटुंबांचा गावाकडे जाण्याचा हाच मार्ग. या रस्त्याच्या उत्तरेस तापीकाठचे मांडवी आहे, तर दक्षिणेस डांगातील पूर्णा अभयारण्य. दोन्हीकडच्या पानझडी जंगलांत वसंत हा पाहण्याचा ऋतू होय. साग निष्पर्ण होतो, पळस फुलतो, मोहाची फुले पहाटे गळू लागतात. फांद्या उघड्या पडल्याने पक्षी दिसतो. पण वाटेवर साचलेला सागाचा पाचोळा पावलागणिक वाजतो आणि पक्ष्याला आपली चाहूल आधीच लागते. ओहळ आटत आलेले असतात. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत असल्याने कुठे जमीन काळी पडलेली असते. अशा दिवसांत जंगलातून परतलेला माणूस काय दिसले, वाट कशी आहे, पाणी कोठे आहे हे सांगतो आणि पुढचा माणूस त्या शब्दाच्या भरवशावर पाऊल टाकतो. त्या शब्दाची जबाबदारी कोणती, याचा विचार करण्याजोगा आहे.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले. त्यातील उपमानाचे नेहमीचे उदाहरण तर थेट रानातले आहे. गवय हा प्राणी गाईसारखा असतो, असे वनवासी माणूस नगरवासीयाला सांगतो आणि पुढे रानात गेलेला नगरवासी त्या बोलावरून गवय ओळखतो. ही ओळख सांगणाऱ्याच्या सचोटीवर उभी असते. म्हणूनच ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्या आप्ताच्या दोन अटी सांगितल्या गेल्या : त्याला वस्तू जशी आहे तशी कळलेली असावी आणि ती तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. वात्स्यायनाने या लक्षणात ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांच्यात भेद केला नाही, हेही ध्यानात ठेवावे. मोह वेचणारी डांगी स्त्री आणि पदवीधर पक्षिशास्त्रज्ञ या कसोटीपुढे समान आहेत.

ही कसोटी मोडल्यास काय होते, याचे एक उदाहरण मांडवीच्या नावाशी जोडले गेले आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातील लहान पक्षी. १८७३ मध्ये ह्यूमने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने त्याचे नमुने जमवले, आणि १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. पुढे रिचर्ड माइनर्त्झहागेन या इंग्रज सैन्याधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना आढळला. त्यावर १९१४ हे साल आणि मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. ही नोंद खरी मानून पुढे शोध झाला. हाती काही लागले नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांचाच माग काढला आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा पाहिला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. १९९९ मध्ये रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले, की मांडवीचा नमुना हा डेव्हिडसनचाच होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून, खोट्या चिठ्ठीनिशी मांडला गेला होता.

येथे एक सूक्ष्म शंका उभी राहते. २०१५ मध्ये पूर्णा अभयारण्यातील रानपिंगळ्याची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे दक्षिण गुजरातेत हा पक्षी आहेच. मग माइनर्त्झहागेनचे विधान अगदीच खोटे होते काय? पक्षी या मुलखात राहतो एवढ्यापुरते ते वस्तुस्थितीच्या जवळ गेले, असे कोणी म्हणेल. पण साक्ष देणारा केवळ ‘तेथे पक्षी आहे’ असे म्हणत नसतो. ‘मी तो तेथे पाहिला’ असे म्हणत असतो. दुसऱ्या वाक्यावरच पहिल्याचा भार असतो. न पाहता केलेले विधान योगायोगाने जुळले, तरी सांगणाऱ्याच्या पदरी त्याचे श्रेय पडत नाही. पूर्णेतील नोंद ज्यांनी पायपीट करून मिळवली, त्यांचीच ती आहे.

याउलट मौनाचे काय? दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा पत्ता फुटला की छायाचित्रकारांची गर्दी होते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हापुन्हा पुढे आणले जाते. विणीच्या दिवसांत त्याची शक्ती त्यातच खर्च होते. अशा वेळी जागा न सांगणे म्हणजे असत्य नव्हे. ‘सांगणार नाही’ असे म्हणणारा ऐकणाऱ्याला फसवत नाही. चुकीची जागा सांगणारा फसवतो. पक्ष्याच्या रक्षणासाठी का होईना, पण खोटा पत्ता देणाऱ्याने पुढच्या अभ्यासकाची वाटही बिघडवलेली असते. संरक्षणाचे निर्णयही अशाच नोंदींवर घेतले जातात, हे येथे विसरून चालत नाही.

खरी परीक्षा होते ती मोठ्या लबाडीच्या पलीकडे, अगदी लहान प्रसंगी. गावाजवळच्या झाडावर बसणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा दिसायला बरेच सारखे असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो, छाती गडद तपकिरी असते. पण दूरच्या फांदीवर, चैत्राच्या झगझगीत उन्हात, हा फरक मनाच्या इच्छेने सहज पुसला जातो. दिवसभर चालून आलेल्या माणसाला दुर्मीळ नाव लिहिण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी वहीत ‘पिंगळा’ असे लिहिणे, किंवा ‘ओळख पटली नाही’, ‘आज दिसला नाही’, ‘ओढ्यात पाणी नव्हते’ असे लिहिणे, यात नाव मिळत नाही. पण त्या ओढ्याच्या वाटेने दुसऱ्या दिवशी जो निघेल तो पाणी बरोबर घेईल, आणि त्या वहीवर विसंबून जो वीस वर्षांनी रानपिंगळा शोधायला येईल त्याचे पाय फुकट झिजणार नाहीत.