शाळेच्या रंगमंचावरचा नाताळ

९ डिसेंबर १९६५ च्या रात्री अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा कार्टूनपट लागला, तेव्हा तो दाखवणाऱ्यांनाच त्याचा भरवसा नव्हता. गती संथ, जोडीला व्हिन्स ग्वाराल्डीचं जॅझ, मागून येणारा तयार हशा नाही, मुलांचे आवाज खऱ्याखुऱ्या मुलांचे. आणि ऐन शेवटाकडे एक पोरगा शाळेच्या रंगमंचावर उभा राहून ल्यूकच्या शुभवर्तमानातला ख्रिस्तजन्माचा उतारा म्हणतो. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना वाटलं, हे काही चालायचं नाही. प्रत्यक्षात त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तेच पाहिलं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते दर डिसेंबरात लागत राहिलं.

चार्ली ब्राउनची तक्रार साधी आहे. नाताळ आला, पण मन खट्टू आहे, कारण सगळीकडे धंदा. धाकटी बहीण सॅली सांताक्लॉजला पत्र लिहिते, त्यात खेळण्यांची भलीमोठी यादी, आणि ते जमत नसेल तर सरळ दहा-वीस डॉलरच्या नोटा पाठव म्हणते. कुत्रा आपलं घर रोषणाईच्या स्पर्धेसाठी सजवतो. ॲल्युमिनियमच्या चकचकीत झाडांमधून चार्ली ब्राउन एक मरतुकडं खरं झाड उचलून आणतो आणि सगळ्यांच्या हसण्याचा विषय होतो. शाळेच्या नाताळ-नाटकाच्या तालमीत कुणी त्याचं ऐकत नाही. मग त्याचा मित्र लायनस पुढे होतो, प्रकाशझोत मागतो, उतारा म्हणतो आणि गोंगाट थांबतो.

या गोष्टीचे पैसे मात्र कोका-कोलाने दिले होते. पहिल्या प्रक्षेपणात, बर्फावर घसरगुंडी करताना लायनस भिरभिरत जाऊन ज्या फलकावर आदळतो, तो कोका-कोलाचाच होता. पुढे तो कापून टाकला. यात ढोंग शोधायचा मोह होतो, पण मला ते घाईचं वाटतं. नाताळच्या टीव्ही-कार्टूनचा जन्मच मुळी जाहिरातदारांच्या मांडीवर झाला. १९६२ चा ‘मिस्टर मगू’चा ख्रिसमस कॅरल टायमेक्स घड्याळांच्या पैशावर झाला, १९६४ चा लाल नाकाचा रूडॉल्फ जनरल इलेक्ट्रिकच्या. तो रूडॉल्फ तर मूळचा मॉन्टगोमेरी वॉर्ड या दुकानाने १९३९ मध्ये गिऱ्हाइकांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतला. १९६६ मध्ये आलेल्या ‘ग्रिंच’चा निष्कर्ष असा की नाताळ दुकानातून येत नाही, आणि त्याचे प्रायोजक होते बँकवाले. तेव्हा नाताळच्या बाजाराची तक्रार हा बाजाराबाहेरून आलेला आवाज कधीच नव्हता. बाजाराने ती आपल्याच मांडवात बसवून घेतली होती, आणि तिथे ती छान रमली.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती लायनसच्या उताऱ्याची वेळ. जून १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबिंग्टन शाळा विरुद्ध शेम्प या खटल्यात सरकारी शाळांनी घडवून आणलेलं बायबल-वाचन घटनाबाह्य ठरवलं होतं. अडीच वर्षांनी एक कार्टूनमधला मुलगा शाळेच्या सभागृहात बायबल म्हणतो. म्हणजे खऱ्या शाळेतून जे बाहेर पडत होतं, ते चित्रातल्या शाळेने राखून ठेवलं. चार्ली ब्राउनचा जनक चार्ल्स शुल्झ याने हा हिशेब करून ते घातलं असं मी म्हणत नाही. त्याला शुभवर्तमान हवंच होतं, तो अडून बसला, एवढं खरं. पण तक्रारी करून, टिंगल करून, सगळा पसारा बाजूला सारल्यावर जे उरतं ते पवित्र, ही मांडणी त्या पंचवीस मिनिटांनी पक्की केली. पुढच्या प्रत्येक उपहासाने हीच चौकट उचलली. बदलत गेलं ते उरलेलं.

‘द सिम्पसन्स’ची अर्ध्या तासाची मालिका फॉक्स वाहिनीवर सुरू झाली १७ डिसेंबर १९८९ ला, आणि सुरू झाली तीच नाताळच्या भागाने. ठरलं तसं नव्हतं. आधी दाखवायच्या भागाचं ॲनिमेशन फसल्यामुळे हा पुढे आला. इथेही सुरुवातीलाच शाळेचा कार्यक्रम आहे. मात्र त्यात ना गोठा ना मेंढपाळ. देशोदेशीचे सांताक्लॉज ओळीने येतात, सिम्पसनांची मुलगी लिसा दक्षिण समुद्रातल्या कुठल्याशा बेटाचा सांता होऊन पेटती काठी फिरवते, आणि तिचा भाऊ बार्ट नाताळच्या गाण्याचं विडंबन सुरू करतो तेव्हा त्याला ओढून बाजूला करतात. ख्रिस्तजन्म रंगमंचावरून गेला आहे आणि तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही नाही. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पिट्सबर्गच्या न्यायालयीन इमारतीत एकटा मांडलेला ख्रिस्तजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरवला होता. १९८४ मध्ये मात्र ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचा देखावा चालला होता, कारण त्याच्याभोवती सांताचं घर, रेनडिअर आणि बाकी सरंजाम होता. म्हणजे देव एकटा असेल तर अडचण, बाजारासोबत असेल तर चालेल. विनोदी लेखकाला याहून तयार मसाला कोण देणार?

पण सिम्पसन्सवाल्यांचं लक्ष त्या वादाकडे नाही, ते खिशाकडे आहे. त्यांच्या बापाला, होमरला, यंदा बोनस नाही. साठवणीच्या बरणीतले पैसे बार्टने हातावर गोंदवून घेतलेलं काढण्यात गेले. बायकोला न सांगता होमर मॉलमध्ये सांताची नोकरी धरतो. शेवटी चेक हातात पडतो तो तेरा डॉलरचा. सांता होण्याच्या प्रशिक्षणाचे पैसे कापलेले, पोशाखाचे कापलेले, दाढीचं भाडंसुद्धा. नाताळच्या बाजाराविषयी चार्ली ब्राउनने उसासा टाकला होता. इथे त्या बाजाराची पगारपावती दाखवली आहे. दाढीचं भाडं या एका ओळीत बाजारीकरणावरच्या कित्येक अग्रलेखांपेक्षा जास्त आहे, असं माझं प्रामाणिक मत.

मग होमर ते तेरा डॉलर कुत्र्यांच्या शर्यतीवर लावायला जातो. बार्ट त्याला धीर देतो: टीव्हीवर नाताळच्या दिवशी गरीब पोरांचं नेहमी भलंच होतं, चार्ली ब्राउनचंही झालं, मग आपलंही होणार. या मालिकेला आधीच्या सगळ्या मालिका पाठ आहेत, आणि प्रेक्षकालाही त्या पाठ आहेत, हे तिने इथे उघड सांगून टाकलं. चमत्कार होत नाही. एकास नव्व्याण्णव भावाचा ‘सांताज लिटल हेल्पर’ शेवटचा येतो, मालक त्याला हाकलून देतो आणि ते घाबरलेलं कुत्रं होमरच्या अंगावर येऊन पडतं. घरी सगळे खूष. १९६५ मध्ये उरलं होतं शुभवर्तमान. १९८९ मध्ये उरलं एक हरलेलं कुत्रं. आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी तेवढंच.

यापुढे जायचं तर उरणारी वस्तू कुत्र्याहूनही खालची हवी. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोघांनी ती शोधली, आणि तीही नाताळच्याच वाटेने. कोलोराडो विद्यापीठात असताना १९९२ मध्ये त्यांनी कागद कापून एक छोटी फिल्म केली होती. १९९५ मध्ये फॉक्सच्या एका अधिकाऱ्याने मित्रांना पाठवायचं व्हिडिओ-भेटकार्ड म्हणून दुसरी करून घेतली, तिच्यात येशू आणि सांता मॉलमध्ये मारामारी करतात. पोरं त्यातून बोध घेतात तो असा की नाताळ म्हणजे भेटवस्तू. शुल्झची मांडणी त्यांनी पालथी घातली होती. त्या फिल्मच्या कॅसेट हातोहात फिरल्या आणि त्यातून ‘साउथ पार्क’ जन्माला आलं. तेव्हा उपहासाचा नाताळ हा त्या मालिकेतला एक भाग नव्हे, तिचं मूळच ते.

‘साउथ पार्क’चा १७ डिसेंबर १९९७ चा, मिस्टर हँकीचा भाग पुन्हा शाळेच्या नाटकापासून सुरू होतो. मुलांमधला काइल ज्यू आहे, त्याला ख्रिस्तजन्माच्या नाटकात घातल्याचं पाहून त्याची आई तालमीत शिरते. गावात वाद पेटतो. कुणाला गोठा नको, कुणाला मिसलटो नको, कुणाला दिवे नकोत. जे जे कुणाला खुपेल ते ते काढत काढत शेवटी मुलं बिनरंगाच्या घट्ट कपड्यांत फिलिप ग्लासच्या संगीतावर अर्थहीन हालचाली करत उभी राहतात. नाटक संपताच पालक एकमेकांवर तुटून पडतात, कारण आता भांडायला काहीच उरलेलं नाही. पॉटकेट आणि पिट्सबर्गच्या निकालांचं इतकं चोख नाट्यरूपांतर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

काइलचा उपाय मिस्टर हँकी: लाल टोपी घालून संडासातून वर येणारा, बोलणारा, प्रेमळ शीचा तुकडा. तो कुठल्याच धर्माचा नाही, म्हणून सगळ्यांचा. त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, काइलची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते, आणि शेवटी गावाला तो दिसल्यावर तो सगळ्यांना चांगुलपणाचे चार शब्द सुनावतो, अगदी लायनससारखे. लोक विरघळतात. मध्येच एक खोटी जाहिरातही आहे: मुलांनी घरच्या संडासातून आपापला हँकी जाळीने काढून सजवायचा. आणि अगदी शेवटी येशू आपल्या रिकाम्या स्टुडिओत केकसमोर एकटा बसून स्वतःलाच वाढदिवसाचं गाणं म्हणतो. मला हा प्रसंग विनोदापेक्षा श्रद्धेच्या जवळचा वाटतो. सगळं काढून टाकल्यावर जे हरवलं त्याची आठवण या भागात फक्त त्या वात्रट पोरांनाच राहिली आहे. म्हणून हे भाग वरून कितीही पाखंडी दिसले तरी आतून जुन्या वळणाचे आहेत, असं मी मानतो. त्यांना सण मोडायचा नाही, सणातलं काहीतरी वाचवायचं असतं.

१९९९ मध्ये हँकीच्या गाण्यांचा अल्बम दुकानात आला. त्यात नवल ते काय! रूडॉल्फही दुकानातूनच आला होता. २०२० मध्ये चार्ली ब्राउनचे हक्क ॲपलकडे गेले, तेव्हा तो नेहमीच्या वाहिन्यांवरून गायब होणार म्हणून लोकांनी ओरड केली. ॲपलने मग त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तो सार्वजनिक वाहिनीवर दाखवू दिला. २०२२ पासून मात्र तो ॲपलच्याच ॲपवर.

हँकीचं काय झालं ते जास्त बोलकं आहे. ऑक्टोबर २०१८ च्या भागात तो गावाच्या नाताळ कार्यक्रमाचा दिग्दर्शक असतो आणि आक्षेपार्ह ट्वीट्सपायी त्याला काढून टाकतात. कुणालाच न खुपणारा म्हणून निवडलेला, तोच आता सगळ्यांना खुपतो. कुणी ठेवून घेईना, तेव्हा तो गाव सोडून जातो तो थेट स्प्रिंगफील्डला, सिम्पसन्सच्या गावी. तिथे त्याचं स्वागत होतं आणि गर्दीत आपला भारतीय दुकानदार अपूही असतो. हरी कोंडाबोलूच्या २०१७ च्या माहितीपटाने त्या पात्रातल्या भारतीयांच्या टवाळीवर बोट ठेवलं होतं, त्याला मारलेला हा टोमणा. टोमणा कुणाला, माहितीपटाला की सिम्पसन्सला, हे पार्कर-स्टोनने जाणूनबुजून धूसर ठेवलं आहे, आणि मला ती पळवाट वाटते. १९९७ मध्ये ते गावातल्या प्रत्येकाला झोडपत होते आणि तरी स्वतः कुठे उभे आहेत ते स्पष्ट होतं: केकसमोर बसलेल्या त्या एकट्या माणसाच्या बाजूला.