ॲपच्या आधी पगारी रजा

वृद्धाश्रमात साथ शिरते तेव्हा तिची पहिली खूण थर्मामीटरवर दिसेलच असे नाही. ऐंशी-नव्वदीच्या देहाला संसर्ग झाला तरी अनेकदा ताप येत नाही. रोज चहासाठी वाट पाहणाऱ्या आजी कप तसाच ठेवतात, कालपर्यंत भिंतीच्या आधाराने चालणारे आजोबा न्हाणीघरात पडतात, बोलणे अचानक असंबद्ध होते. हे बदल सर्वांत आधी दिसतात ते अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या बाईला. साथ आवरण्यासाठी मोबाइल ॲप आणायचे तर त्याचा विचार या बाईपासून सुरू व्हायला हवा.

इंग्लंडमधल्या अनेक केअर होममध्ये अशी निरीक्षणे आता टॅबलेटवर नोंदवतात. त्यासाठी बरेचदा 'न्यूज-टू' ही गुणपद्धती वापरली जाते. मुळात ती रुग्णालयांसाठी होती. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान अशी सहा मोजमापे त्यात आहेत. मिनिटाला १२ ते २० श्वास असले तर शून्य गुण, २५ किंवा जास्त असले तर ३. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी, ७ झाली की आणीबाणी.

याचा उपयोग खरा आहे. 'आजींचं काहीतरी बिनसलंय' या निरोपाला रात्री दोन वाजता फारशी दाद मिळत नाही. सहावर गेलेल्या बेरजेला मिळते. एकाच मजल्यावरच्या तिघांचे आकडे दोन दिवसांत चढले, तर वेगवेगळ्या पाळ्यांच्या वह्यांत विखुरलेली साथ एका पडद्यावर दिसते.

पण याच पद्धतीत 'नव्याने आलेला गोंधळ' यालाही थेट ३ गुण आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा गोंधळ आजचा की वर्षभराचा, हे कोणते यंत्र सांगणार? ते त्या माणसाला रोज पाहणारीच सांगू शकते. दर आठवड्याला माणसे बदलणाऱ्या संस्थेत तो रकाना अंदाजानेच भरला जातो.

लक्षणे टिपणाऱ्या ॲपची आणखी एक मर्यादा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील एका शुश्रूषागृहात लक्षणे असोत वा नसोत, रहिवाशांची कोविड चाचणी केली, तेव्हा बाधित ४८ रहिवाशांपैकी २७ जणांना त्या वेळी कोणतेच लक्षण नव्हते. इंग्लंडमध्ये त्याच मार्च-एप्रिलमध्ये रुग्णालयांतले रुग्ण चाचणीविना केअर होममध्ये पाठवले गेले. लक्षणांविना होणाऱ्या प्रसाराचा धोका विचारात न घेतल्यामुळे उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते धोरण बेकायदा ठरवले. चाचणीची जागा ॲप घेऊ शकत नाही.

साथ आत येते कशी, याचे उत्तर तर पडद्यापासून फार दूर आहे. वॉशिंग्टन राज्यातल्याच कर्कलंड येथील उद्रेकानंतर झालेल्या तपासात दोन कारणे ठळकपणे पुढे आली: आजारी असूनही कामावर येणारे कर्मचारी आणि एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे कर्मचारी. इंग्लंडमधल्या 'व्हिवाल्डी' पाहणीत, आजारपणात पगार मिळणाऱ्या केअर होममध्ये संसर्ग कमी आढळला, तर एजन्सीची माणसे वारंवार वापरणाऱ्या ठिकाणी जास्त.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींना हे सांगावे लागणार नाही. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. मग घसा दुखत असताना 'आज तुमची तब्येत कशी आहे?' या ॲपवरच्या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर का द्यावे? खरे बोलण्याची शिक्षा म्हणून पगार कापला जाणार असेल, तर तो रकाना रोज 'ठीक' असाच भरला जाईल. व्यवस्थापनाच्या पडद्यावर सगळे हिरवे दिसेल आणि साथ खोल्याखोल्यांतून फिरत राहील.

संस्था म्हणतील, शुल्क तुटपुंजे आहे, रजेचे पैसे आणायचे कुठून? अडचण खरी आहे आणि तिचा भार एकट्या संस्थेवर टाकणे अन्यायाचे होईल. सरकारी अनुदानाचा पहिला हक्क याच खर्चाचा असायला हवा. पण टॅबलेटसाठी पैसे उभे राहतात आणि आजारी मावशींच्या पाच दिवसांच्या रजेसाठी राहत नाहीत, तेव्हा तो केवळ टंचाईचा प्रश्न उरत नाही.

म्हणून ॲप जरूर आणावे, पण अटी घालून. आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा हवी. नोंदी करायला कामाच्या तासांतच वेळ हवा. रात्री बेरीज चढली तर फोन कोणी उचलायचा, हे आधी ठरलेले हवे. आपली माहिती कोण पाहते, हे रहिवाशांना आणि त्यांच्या घरच्यांना समजले पाहिजे. या अटी पाळणाऱ्या संस्थेत साधी वहीसुद्धा बरेच काम करील आणि ॲप ते अधिक वेगाने करील. त्या न पाळणाऱ्या संस्थेत ॲप फक्त खोट्या नोंदी वेगाने पुढे पाठवील.