दोन पेल्यांची परीक्षा

अकोला,
14 मे

चि. छकुलीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकून जीव कळवळला. नागपूरचा मे महिना, सासूबाई नुकत्याच दवाखान्यातून घरी आलेल्या, घरात पाहुण्यांची ये-जा, आणि एवढ्या हौसेनं घेतलेल्या दोन दारांच्या फ्रिजमधून कोमट पाणी येतंय. त्यात मेकॅनिकनं व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं. ‘बदलू का?’ असं तू विचारलंस, तेव्हा मी ‘थांब, लिहून कळवतो’ एवढंच म्हणालो. पस्तीस वर्षं फ्रिजदुरुस्तीच्या कामात गेली, पण याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. आता सांगतो त्याच क्रमानं सगळं कर.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. दारातला डिस्पेन्सर गारवा तयार करत नाही, तो फ्रिजकडून घेतो. तुझ्या फ्रिजला नळाचं पाणी मागच्या व्हॉल्व्हमधून येतं, फिल्टरमधून जातं आणि आतल्या कप्प्यात, बहुधा भाजीच्या खणामागे असलेल्या छोट्या टाकीत थांबतं. कप्प्यातल्या हवेनं ते तिथे गार होतं आणि मग दारातल्या नळीतून पेल्यात उतरतं. व्हॉल्व्हचं काम पाणी सोडायचं आणि अडवायचं, एवढंच. धार चांगली असून पाणी गार नसेल तर व्हॉल्व्ह बदलून काय होणार?

तेव्हा तक्रार नेमकी कसली आहे ते आधी ठरव. गारवा कमी आहे की पाणीच कमी येतंय? तुझ्या बोलण्यात दोन्ही आलं, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

गारव्यासाठी आज रात्री एवढं कर. काचेचा पेला पाण्यानं भरून फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेव. सकाळी कुणीही डिस्पेन्सर वापरायच्या आत त्यातून एक पेला काढ आणि तुळशीला घाल. रात्रभर दाराच्या नळीत उभं राहिलेलं पाणी त्यात येतं, ते टाकीतल्या पाण्याइतकं गार नसतंच. लगेच दुसरा पेला भर. आता फळीवरचा पेला आणि हा पेला, दोन्हींचं तापमान मोज. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, स्वयंपाकाचा आण.

फळीवरचं पाणी 3 ते 5 अंश सेल्सिअस भरलं आणि डिस्पेन्सरचं त्याच्याहून दोन-चार अंशच वर असलं, तर तुझा फ्रिज निरोगी आहे. मग अडचण मागणीची. अशा टाकीत साधारण लिटर-दीड लिटर पाणी मावतं. तू पाहुण्यांसाठी लागोपाठ बाटल्या भरतेस, म्हणजे तिसऱ्या बाटलीत थेट नळाचं पाणी येणार. 35 अंशांचं दोन लिटर पाणी 8 अंशांवर आणायला सहाशे ग्रॅमहून जास्त बर्फ वितळावा लागतो. इतकी उष्णता टाकीभोवतीच्या हवेनं ओढून न्यायची, तर काही तास जाणारच. बाटल्या माठातून भर आणि डिस्पेन्सर पेल्यापुरता ठेव. तुझ्या आईच्या फ्रिजच्या दारात हातानं भरायची टाकी आहे, तिथेही हाच हिशेब. उलट दार ही फ्रिजमधली सगळ्यांत उबदार जागा, म्हणून ती टाकी रात्रीच भरून ठेवायची.

फळीवरचं पाणीच 8-10 अंशांच्या वर निघालं, तर डिस्पेन्सरला दोष देऊ नकोस, फ्रिजकडे वळ. आत गार हवा जिथून येते त्या झरोक्यांपुढे पातेली रचलेली नाहीत ना, ते बघ. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लाव. तो सहज सरकला तर रबर पुसून काढ, तरीही सरकला तर बदल. फ्रिज भिंतीला चिकटलेला नको, उष्णता बाहेर पडायला जागा हवी. प्लग काढून खालची-मागची धूळ मऊ ब्रशनं झाड. आतल्या पट्टीवर ‘टी’ वर्ग लिहिला असेल तर तो फ्रिज 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. दुपारी स्वयंपाकघर त्याहून तापू नये म्हणून तिथली हवा खेळती ठेव. एवढं करूनही गारवा आला नाही तर मेकॅनिकला बोलाव. पट्टीवर ‘आर-600ए’ असेल तर तो गॅस ज्वलनशील असतो, हे त्याला आधी सांग आणि माहीतगारालाच हात लावू दे.

आता पाण्याच्या धारेचं. पेला दहा सेकंद धर. पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी जमलं तर धार ठीक आहे. कमी जमलं तर आधी फिल्टर बघ. तो साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो, आणि खाऱ्या, गढूळ पाण्याच्या भागात त्याच्याही आधी. फिल्टर काढून त्या जागी फ्रिजसोबत आलेलं बूच लावल्यावर धार सुधारली, तर दोष फिल्टरचाच. नवा बसवलास की आठ-दहा लिटर पाणी वाहू दे, म्हणजे नळीतली हवा निघून जाईल.

फिल्टर स्वच्छ असेल तर पाण्याचा दाब. तुमचा फ्लॅट सगळ्यांत वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी तुझ्या नळापेक्षा फार तर चार मीटर उंच. दर मीटरला साधारण दीड पीएसआय दाब मिळतो, म्हणजे तुझ्याकडे सहाच्या आसपास. अशा फ्रिजना बहुधा किमान 20 ते 30 पीएसआय लागतो. भिंतीवरच्या आरओच्या टाकीचं पाणी तर नुसत्या उतारानं येतं, त्यात दाब जवळजवळ नसतोच. नेमकी गरज तुझ्या फ्रिजच्या पुस्तिकेत दिलेली असेल. ती बघून छोटा प्रेशर पंप बसवून घे. व्हॉल्व्हच्या आधी मी हाच खर्च करीन.

आणि कधी कधी धार अगदीच बंद होते म्हणालीस. पाणी गार व्हावं म्हणून फ्रीजर उणे 23 वर नेलास ना? पाण्याची टाकी फ्रीजरमध्ये नाही, पण दाराकडे जाणारी नळी फ्रीजरच्या दारातून जाते. त्या थंडीत नळीतलं पाणी गोठतं आणि वाट बंद होते. फ्रीजर उणे 18 वर आण. नळी गोठलेलीच असेल तर आतलं सामान हलवून प्लग काढ आणि दार दोन-तीन तास उघडं ठेव. सुरी, तार, उकळतं पाणी यातलं काही वापरू नकोस. नळी फुटली तर स्वयंपाकघरात तळं होईल.

इतकं सविस्तर का लिहितोय, तेही सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात इथल्याच एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे मी अशाच तक्रारीसाठी गेलो होतो. काहीही न तपासता व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेतले आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, पाणी तसंच कोमट. तेव्हा कुठे मी फळीवर पेला ठेवला. तोही कोमटच निघाला. दुधाचं मोठं पातेलं झरोक्याला टेकलेलं होतं. ते बाजूला केलं आणि दुसऱ्या सकाळी पाणी गार झालं. मी पैसे परत केले. त्यांनी घ्यायला नकार दिला, तरी मी ते देवाजवळ ठेवून आलो. चांगला व्हॉल्व्ह काढून टाकल्याची खंत मात्र गेली नाही. त्या दिवसापासून पेला ठेवल्याशिवाय मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. तुझ्याकडे येणारा मेकॅनिक वाईटच असेल असं मी म्हणत नाही. घाईत माणसाच्या हातून असं होतं, माझ्याही हातून झालं. तू फक्त त्याला विचार, ‘फळीवरचं पाणी किती अंश आहे, ते पाहिलंत का?’

तोवर सासूबाईंसाठी मातीचा माठ भर आणि वाऱ्याच्या जागी ठेव. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ पाझरतो तसा पाणी गार करतो, आणि त्याला दाब लागत नाही की वीज. झाकण घाल, ओगराळं स्वच्छ ठेव.

सकाळी दोन्ही पेल्यांचे आकडे मला कळव. व्हॉल्व्हचं त्यानंतर ठरवू.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा