वेळ संपली म्हणजे 'नाही' का?

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा एक प्रोग्रॅम मी प्रोलॉगमध्ये लिहिला. ही भाषा १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेलमध्ये जन्मली. तिला नियम आणि माहिती द्यायची नि प्रश्न विचारायचा. पुरावा सापडला तर 'हो'. सगळ्या वाटा धुंडाळूनही सापडला नाही तर 'नाही'.

पण काही शोध संपतच नाहीत. कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सरसकट पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवलं. म्हणून टायमर लावतात. मी दोन सेकंदांचा लावला. वेळ संपली की एसडब्ल्यूआय-प्रोलॉग 'नाही' म्हणत नाही, 'वेळ संपली' असा वेगळा एरर देतं. मी तो पकडला आणि एका ओळीत त्याचं 'नाही' केलं.

दुपारी नाकारलेले सात अर्ज रात्री पुन्हा चालवले, तर सातही पात्र! मग टायमर तपासला. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमवर असे तीन टायमर मिळतात. एक भिंतीवरच्या घड्याळासारखा चालतो. दुसरा आपला प्रोग्रॅम प्रोसेसरवर स्वतः राबतो तेवढाच वेळ मोजतो. तिसरा त्यात सिस्टिमने आपल्यासाठी केलेलं कामही धरतो. माझा पहिला होता. दुपारी सर्व्हरवर गर्दी, आणि रांगेत थांबल्याचा वेळही त्या अर्जांच्याच खात्यावर.

टायमर बदलणं सोपं होतं. पण दुसरा टायमर जास्त न्यायी असला, तरी तीही मर्यादाच. मर्यादा घालण्यात मला गैर वाटत नाही; मागे बाकीचे अर्जही थांबलेले असतात. गैर होतं ते पुढचं. 'मला वेळ पुरला नाही' हे वाक्य माझ्याबद्दल आहे. 'तुम्ही अपात्र आहात' हे समोरच्याबद्दल. माझी मर्यादा मी त्यांच्या नावावर लिहिली.

सहा जणांना दुरुस्ती वेळेत कळवली. सातव्या मुलीने तोवर कॉलेजातली जागा सोडली होती.

मॅनेजर म्हणाले, "यादीत शेवटी हो किंवा नाहीच लागतं रे." खरं आहे. तरी आता तिसरा रकाना आहे: 'तपासणी अपूर्ण'. त्यातले अर्ज माणसाने वाचायचे, असं ठरलंय. सध्या ते माणूस मी आहे. परवा नऊ होते, घरी जायला दहा वाजले.