सांभाळण्याची उजरत

ज्या कामाला माणूस पवित्र म्हणतो, त्या कामाचे पैसे द्यायची वेळ आली की तो अडखळतो. मूल सांभाळणे हे असेच एक काम आहे. आई करते तेव्हा त्याला ममता म्हणतात. दादी किंवा नानी करते तेव्हा कर्तव्य म्हणतात. शेजारची खाला महिन्याचे पैसे ठरवून करते तेव्हा मात्र त्याचा धंदा होतो. मूल तेच, त्याची भूक तीच, त्याचे रडणे तेच. फक्त शब्द बदलतो. हा शब्द बदलतो तेव्हा न्यायही बदलतो काय, एवढाच प्रश्न आम्हाला येथे मांडायचा आहे.

प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. मूल सांभाळणारीने पैसे घेतले म्हणून तिच्या मायेचे मोल कमी होते काय? आणि पैसे देणाऱ्याला त्या पैशांत नेमके काय मागण्याचा हक्क आहे?

पूर्वी हा प्रश्न आपल्या घरांत फारसा येत नसे. घरात माणसे होती. आज मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, मालेगाव, कोंढवा येथील दोन खोल्यांच्या घरांत आई-वडील आणि मुले एवढेच कुटुंब उरले आहे. मुली शिकल्या, डी.एड., बी.एड. झाल्या, दवाखान्यात, कार्यालयात, शाळेत कामाला लागल्या. त्यांच्या पाठीमागे वस्तीत पाळणाघरे उभी राहिली. बहुतेकांना पाटी नसते. दाराशी लहान चपलांच्या चार-पाच जोड्या दिसल्या की समजावे, येथे मुले सांभाळतात.

येथला करार एका वाक्यात होतो. महिन्याला इतके, सकाळी अमुक वाजता सोडायचे, संध्याकाळी अमुक वाजता न्यायचे. खरे मुद्दे या वाक्याबाहेर राहतात. जेवण घरून द्यायचे की तिथले? दूध कोणाचे? ओले कपडे ती धुणार की पिशवीत घालून परत देणार? मुलाला ताप आला तर औषध कोण देणार, डॉक्टरकडे कोण नेणार? न्यायला आई-बापाऐवजी दुसरेच कोणी आले तर मूल ताब्यात द्यायचे की नाही? लोकल उशिरा आली आणि आई तासभर उशिरा पोहोचली तर? रमजानमध्ये शाळेच्या वेळा बदलतात, रोजा ठेवलेली खाला दुपारी दुसऱ्याच्या मुलाला भरवत असते, त्या महिन्याचा हिशेब कसा? हे कोणी बोलत नाही. न बोललेल्या गोष्टींवरूनच पुढे कुरबूर होते, आणि कुरबुरीत बहुधा गरजू बाजू गप्प बसते.

दराकडे जरा हिशेबाने पाहू. समजा, एका मुलाचे दरमहा २,५०० रुपये ठरले आणि बाईने चार मुले घेतली. हाती आले १०,००० रुपये. दिवसाचे १० तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६० तास. एका मुलाच्या एका तासामागे साडेनऊ रुपयांच्या आसपास पडतात. त्यांतून वीज, साबण, फिनेल, खाऊ, गॅस यांचे २,००० वजा करा. चारही मुले मिळून तिच्या एका तासाची कमाई ३० रुपयांच्या जवळपास राहते. देणाऱ्या आईच्या दृष्टीने २,५०० ही रक्कम जड आहे, कारण तिचाही पगार लहान आहे. म्हणजे येथे लुटणारे कोणीच नाही, तरी एका बाईची मेहनत स्वस्तात जाते आहे. शिवणकाम करणारी हात चालवून दिवसाला दोन कपडे अधिक शिवू शकते. मूल सांभाळणारीने वेग वाढवायचा म्हटला तर तिच्यापुढे एकच मार्ग उरतो: मुले वाढवणे. चाराची आठ झाली की कमाई वाढते आणि सांभाळणे संपते.

आता आपल्या धर्मपरंपरेकडे वळू, कारण 'मायेचे पैसे कसे घ्यायचे' असे म्हणताना अनेकदा तिचाच आधार घेतला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाला दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजवून घेण्याची मुभा आहे, पण ठरलेला मोबदला रीतीप्रमाणे चुकता करण्याच्या अटीवर. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर विभक्त झालेली पत्नी स्वतःच्याच बाळाला पाजत असेल तर बापाने तिला उजरत द्यावी, असा आदेश आहे. ज्या आईच्या मायेविषयी कोणाला शंका नाही, तिचीही उजरत येथे मान्य केली आहे. माया आहे म्हणून मोबदला नको, हा युक्तिवाद येथेच संपतो.

हजरत हलीमा यांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सीरतच्या ग्रंथांत येते की, मक्केत आलेल्या दाया यतीम बाळ घ्यायला कचरत होत्या, कारण वडील नाहीत तर मोबदला कोण देणार, असे त्यांना वाटे. सीरतकारांनी ही गोष्ट लपवली नाही. मोबदल्याची अपेक्षा ही त्यांना लाजेची बाब वाटली नाही. आणि पुढे त्याच हलीमा भेटायला आल्या तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी आपली चादर अंथरली, असेही तेथे येते. उजरत आणि इज्जत या दोन गोष्टी एकाच स्त्रीच्या वाट्याला आल्या. शरीअतने तर दूध पाजणारीला रजाई आईचे स्थान दिले. तिच्या मुलांशी विवाहसुद्धा निषिद्ध केला. तिने पैसे घेतले होते की नाही, यावर हे नाते अवलंबून नाही.

बाराव्या शतकात इमाम मर्गीनानी यांनी लिहिलेल्या 'हिदाया' या हनफी फिकहच्या ग्रंथात दूध पाजणारीच्या कराराची जी चर्चा आहे, ती आजच्या पाळणाघरालाही लागू पडावी इतकी बारीक आहे. हा करार दुधाचा की सांभाळण्याचा, असा तेथे प्रश्न आहे. एक मत असे की, करार मुलाच्या सेवेचा व संगोपनाचा आहे. कापड रंगवताना रंग जसा मागोमाग येतो तसे दूध त्यात येते. मुलाचे अन्न तयार करणे, त्याचे कपडे धुणे हे काम तिचे. अन्नाचा खर्च मात्र बापाचा. जे करारात स्पष्ट नसेल ते उर्फ म्हणजे त्या ठिकाणच्या चालीवरून ठरवावे. आणि तिने स्वतःच्या दुधाऐवजी शेळीच्या दुधावर मूल ठेवले तर तिला उजरत मागता येत नाही. फक्त अन्न आणि वस्त्र यांवर दाया ठेवणेही इमाम अबू हनीफा यांनी योग्य मानले, जरी या मोबदल्याची मोजदाद नक्की नसते. त्याचे कारण मोठे बोलके आहे: मुलावरील प्रेमापोटी लोक दायेला देताना हात सढळ ठेवतात, त्यामुळे भांडण उद्‌भवत नाही.

आठशे वर्षांपूर्वी गृहीत धरलेला हा सढळ हात आज कोठे गेला? मुलाच्या वाढदिवसाच्या केकला पैसे असतात आणि पाळणाघराचे २०० रुपये वाढले की चर्चा सुरू होते.

येथे आम्हा शिक्षकांना एक प्रश्न स्वतःच्या पेशालाही विचारावा लागेल. मे महिन्याच्या सुटीचा पगार आम्हाला मिळतो. त्याच महिन्यात अनेक शिक्षककुटुंबे पाळणाघराचे पैसे थांबवतात, कारण 'मूल तर घरीच आहे'. फिकहमध्ये मजुरांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, ज्याने आपला वेळ एकाच मालकाला वाहिला. काम दिले नाही तरी मुदतीची उजरत त्याला मिळते. दुसरा, जो अनेकांचे काम घेतो. त्याला कामागणिक मिळते. पाळणाघरवाली दुसऱ्या प्रकारातली, असे कोणी म्हणेल. पण जूनमध्ये आपल्या मुलाची जागा रिकामी मिळावी अशी अपेक्षा आपण ठेवतो. तिने ती जागा अडवून ठेवायची आणि तिची चूल महिनाभर थंडावली तरी चालेल, हा न्याय नव्हे. निदान अर्धी रक्कम तरी आधीच ठरवून द्यावी.

सरकारनेही या बाबतीत फार वेगळा धडा घालून दिलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत व पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, अंगणवाडीची कल्पना रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण अशी कामे अंगणवाडीत आली, पण ती करणाऱ्या बाईला वेतन न देता 'मानधन' देण्यात आले. या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. मानधन या शब्दाची गंमत शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे काढलेल्या आमच्या पिढीला ठाऊक आहे. माध्यमिक शाळेत दरमहा ८,००० रुपयांचे मानधन २०२३ मध्ये १८,००० झाले. मान अगोदरपासून होता. धन मागाहून आले.

कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली. पण जरीकाम, शिलाई, लहान खासगी शाळा, घरकाम येथे ५० माणसे कोठून आणायची? तेथील आईला वस्तीतली खालाच आधार.

आणि या खालाच्या स्वतःच्या मुलांचे काय? उर्दू शाळेत हजेरी घेताना याचे उत्तर मिळते. सातवी-आठवीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस येत नाही. विचारले तर सांगते, "अम्मी के पास बच्चे ज़्यादा हैं, मैं संभालती हूँ." आईला मदतनीस ठेवणे परवडत नाही, म्हणून मुलगी मदतनीस होते. एका आईची नोकरी टिकावी म्हणून दुसऱ्या आईच्या मुलीचे शिक्षण खर्ची पडते. स्वस्त दराची उरलेली किंमत ही मुलगी भरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिला १४ वर्षांपर्यंत शाळेचा हक्क दिला आहे. पण पटावर नाव असणे आणि वर्गात बसणे यांत अंतर आहे.

याचा अर्थ सांभाळणारीवर काही बंधन नाही, असा नव्हे. मूल ही अमानत आहे. झेपतील तेवढीच मुले घ्यावीत. झोपवण्यासाठी औषध पाजू नये. मूल पडले तर संध्याकाळी खरे सांगावे. मुलाच्या हाती तासन्‌तास मोबाईल देऊन बसवणे हा 'हिदाया'तल्या शेळीच्या दुधाचाच आजचा प्रकार आहे: उजरत स्वतःच्या लक्षाची घेतली आणि दिले भलतेच. अशा वेळी आई-बापांना जाब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

मग उत्तर काय? आमच्या मते, पैसे दिले जातात ते वेळेचे, जबाबदारीचे, स्वच्छतेचे आणि जागरूकतेचे. या गोष्टी मोजता येतात, म्हणून त्या आधी बोलून, शक्य तर कागदावर लिहून घ्याव्यात. माया मोजता येत नाही, म्हणून ती विकतही घेता येत नाही आणि मागताही येत नाही. ती मिळाली तर तिची परतफेड इज्जतीने करायची असते. पण 'तिला मुलांची आवडच आहे' असे म्हणून ठरलेल्या पैशांतून मायेची वजावट करणे, हा मायेचाही अपमान आणि मेहनतीचाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. ज्या बाईच्या खांद्यावर आपले मूल झोपते, तिचे पैसे पहिल्या तारखेला पोहोचावेत, एवढ्यापासून तरी तिचा अंमल सुरू व्हावा.